तीन मोटारींच्या ट्रेलरवर नफा का उरत नाही?

प्रश्न: नमस्कार. मी डॅलसला राहतो आणि पिकअपला तीन मोटारी मावणारा ट्रेलर जोडून स्वतंत्रपणे लोकांच्या मोटारी वाहून नेण्याचे काम करतो. काम भरपूर मिळते, तरी महिनाअखेर हाती फारसे काही उरत नाही. हिशेब कुठे चुकत असावा?

उत्तर १: आपण दर बहुधा ट्रेलरवर गाड्या असतानाच्या मैलांवरच मोजत आहात. अटलांटाला जाताना ८०० मैलांचे १,६०० डॉलर मिळाले आणि परतीचे ८०० मैल रिकामे गेले, तर मैलामागे दोन नव्हे, एकच डॉलर पडतो आणि त्यातूनच डिझेल, टायर, विमा व ट्रकचा घसारा भागवावा लागतो. म्हणून परतीच्या गाड्या ठरल्याखेरीज मी लांबचे काम घेत नाही, मग त्यांचा दर थोडा कमी असला तरी चालतो.

उत्तर २: विम्याचा हप्ता ट्रक उभा असतानाही भरावा लागतो, हेही ध्यानात घ्यावे. शिवाय गाडी चढवण्यापूर्वी मालकासमोर प्रत्येक ओरखड्याचे छायाचित्र काढून पावतीवर नोंद करावी. एका जुन्या ओरखड्यापायी माझी दोन फेऱ्यांची कमाई गेली.

प्रश्नकर्ता: परतीचे मैल मी खरोखरच धरत नव्हतो. दोघांचाही मनःपूर्वक आभारी आहे.