भावाला तीन आठवडे ताप, कल्चरला एवढं रक्त कशाला लागतं?

माझा धाकटा भाऊ, वय ३४, एचआयव्ही आहे. ट्रकवर जायला लागल्यापासून एआरटीच्या (एचआयव्ही दाबून ठेवणाऱ्या) गोळ्या सुटल्या, आठ महिने झाले, आम्हाला आत्ता कळलं. ताप उतरतच नाही, रात्री बनियन पिळून काढावं एवढा घाम, सीडी-४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) आलाय ६२, खूपच कमी. सरकारीत अ‍ॅडमिट केलंय. काल कल्चरला, म्हणजे रक्तात जंतू वाढतात का बघायला, दोन्ही हातातून मिळून चार बाटल्या रक्त घेतलं, आज टीबीसाठी अजून एक मागतायत. आई म्हणते पोरात रक्त उरलंय कुठं. आणि गावाकडे अँटिबायोटिकची इंजेक्शनं झालीत ते इथं बोललो नाही, ओरडतील म्हणून. सांगू का?

उत्तर १
दादा आधी ते सांगा, आत्ताच. मी लॅबमध्ये आहे. अँटिबायोटिक आधी गेलं असेल तर जंतू रक्तात असूनही बाटलीत वाढत नाही आणि रिपोर्ट निगेटिव्ह येतो, मग डॉक्टर भलतीकडेच शोधत बसतात. चार बाटल्या म्हणजे साधारण ४० मिली, रक्तदानात ३५० जातं, आईंना हे सांगा. एवढं घ्यावंच लागतं कारण कधीकधी एका मिलीत एखादाच जंतू असतो. साधी बाटली पाच दिवस ठेवतात, टीबीची वेगळी, ती ४२ दिवसांपर्यंत, म्हणून तिच्यावर अडून बसू नका, टीबीसाठी लघवीची लॅम टेस्ट होते का विचारा, अर्ध्या तासात कळतं. क्रिप्टोची (मेंदूत जाणाऱ्या एका बुरशीची) रक्ततपासणीपण विचारा.

उत्तर २
मी स्वतः पॉझिटिव्ह. मला असाच ताप होता, जुलाब एकदाही नाही, आणि रक्तात साल्मोनेला हा जुलाब करणारा जंतू निघाला! कल्चरमुळे नेमकं औषध कळलं, आधी इंजेक्शनं मग गोळ्या, महिनाभर चाललं. आज बरा आहे, कामावर जातो. एक कळकळीनं सांगतो, घरात उरलेल्या एआरटीच्या गोळ्या आपल्या मनानं परत चालू करू नका, मेंदूत टीबी किंवा क्रिप्टो असेल तर डॉक्टर मुद्दाम काही आठवडे थांबतात. आणि भावाला गोळ्या का सोडल्या म्हणून आत्ता बोलू नका हो, तो आधीच मेल्याहून मेल्यासारखा झाला असेल.

प्रश्नकर्ता
गावच्या डॉक्टरची चिठ्ठी आणि इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या पिशवीत होत्या त्या सिस्टरना दाखवल्या, कोणी ओरडलं नाही, केसपेपरवर तारखेसकट लिहून घेतलं. टीबीची बाटली दिली. लघवीची डबी घेऊन आईच गेलीय लॅबला.