विवेचक ऋण आला, आता पोरीला काय सांगू?

वाइंडिंगवाला_बार्शी
मुलगी यंदा अकरावी सायन्सला आहे. दहावीपर्यंत पूर्ण मराठी माध्यम, सेमीसुद्धा नाही. माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. बारावी सायन्स केली होती, पण ते आता तांब्याच्या तारेखाली गाडलं गेलंय. रात्री साडेनऊला शटर ओढून घरी येतो तर ही वही उघडून माझी वाट बघत बसलेली असते.

कालचं गणित असं: ६० मीटर उंच इमारतीच्या गच्चीवरून दगड सरळ वर फेकला, वेग सेकंदाला २० मीटर. जमिनीवर किती वेळानं पडेल? गुरुत्व त्वरण १० धरा.

काळाला क्ष म्हणतो. तिनं मांडलं: ६० = २०क्ष − ५क्ष². म्हणजे क्ष² − ४क्ष + १२ = ०. विवेचक १६ − ४८ = −३२. दहावीच्या बीजगणितात शिकलीय, म्हणून लगेच खाली लिहून मोकळी झाली, 'मुळे वास्तव संख्या नाहीत.' आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "पप्पा, दगड पडतच नाही."

मी पण अर्धा तास डोकं खाजवलं. क्लासच्या सरांना विचारलं तर म्हणाले, चिन्ह बदल, पुढचं गणित घे. का बदलायचं ते कुणी सांगेल का?

अर्धवट_इंजिनिअर
काका, ६० च्या जागी −६० टाका. उत्तर ६ सेकंद. एवढ्याशा गणितासाठी धागा काढायची गरज नव्हती.

वाइंडिंगवाला_बार्शी
भाऊ, ६ हे पुस्तकात मागं छापलेलंच आहे. तिथपर्यंत आम्ही पण पोचलो. उद्या इमारतीच्या जागी फुगा आला की परत माझ्याकडंच येणार ती.

खडूची_धूळ
वाइंडिंगवाले, तुमचा प्रश्न रास्त आहे. मी एकतीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं. ही चूक दर वर्षी वह्यांत सापडायची, आणि हुशार पोरांच्या वह्यांत जास्त. ती भराभर सूत्रात आकडे भरतात ना!

सूत्रांचा कागद आधी पालथा घाला. कोऱ्या पानावर तिला इमारत काढू द्या, गच्चीवर एक ठिपका. मग विचारा, दगड हातातून सुटला कुठं? गच्चीवर. शेवटी कुठं आला? जमिनीवर. म्हणजे जिथून सुटला तिथून ६० मीटर खाली. विस्थापन एवढंच. मधे तो कुठं कुठं फिरून आला याच्याशी त्याला देणंघेणं नाही. तिनं इमारतीची उंची वाचली आणि तीच विस्थापन म्हणून भरली.

तुम्ही कॉइल भरताना सुरुवातीच्या आणि शेवटच्या टोकाला वेगळी खूण करता की नाही? एका फेजची टोकं उलटी जोडली गेली तर तार तीच, वेढे तेवढेच, पण मोटार नुसती गुणगुणते आणि करंट खेचते. इथंही तेच झालंय. वर जाणाऱ्या वेगाला तिनं धन धरलं, खाली ओढणाऱ्या त्वरणाला ऋण धरलं. दोन्ही बरोबर. ६० मात्र खाली असूनही धनच राहिलं. एक टोक उलटं लागलं.

आता गंमत बघा. तिचं समीकरण अगदीच चुकीचं नाही. ते दुसऱ्याच प्रश्नाचं बरोबर समीकरण आहे: दगड गच्चीच्या *वर* ६० मीटरवर कधी पोचेल? २० च्या वेगानं फेकलेला दगड गच्चीच्या वर फक्त २० मीटर चढतो. ६० पर्यंत जाणारच नाही. विवेचक ऋण आला तो म्हणूनच. गणितानं तिला खरंच उत्तर दिलंय, 'कधीच नाही'. हे तुम्ही सांगू नका. "तुझा दगड जास्तीत जास्त किती वर जातो गं?" एवढं विचारा आणि गप्प बसा. गप्प बसणं अवघड असतं, मला पंधरा वर्षं लागली.

मग −६० घालून सोडवू द्या: क्ष² − ४क्ष − १२ = ०, क्ष = ६ किंवा −२.

आणि उत्तर आलं की एकदा सूत्राशिवाय पडताळायला लावा. वेग दर सेकंदाला १० नं घटतो, म्हणजे २ सेकंदांत दगड थांबला, २० मीटर वर. तिथून जमीन ८० मीटर. थांबलेल्या दगडाला ८० मीटर पडायला ४ सेकंद (५ × १६). २ आणि ४, सहा.

मराठी_माध्यमवाली
सरांनी सगळं सांगितलंच आहे. माझा अनुभव एवढाच की अकरावीत मला भौतिकशास्त्र कमी आणि इंग्रजी जास्त नडलं. 'ड्रॉप्ड' म्हणजे नुसता सोडला, सुरुवातीचा वेग शून्य. 'थ्रोन' म्हणजे फेकला. हा फरक कळेपर्यंत पहिली चाचणी होऊन गेली होती. विस्थापन म्हणजेच डिस्प्लेसमेंट हे माहीत होतं, पण पेपरात ते दोन शब्द डोक्यात एकत्र यायचे नाहीत. तिला गणित आधी मोठ्यानं मराठीत सांगायला लावा, मग पेन हातात.

अर्धवट_इंजिनिअर
खडू सर, ते 'कधीच नाही' आवडलं. चार वर्षं इंजिनिअरिंग केलं, हे असं डोक्यात आलं नव्हतं. (९.८ धरलं तर ६.०९ सेकंद येतात. सवय, दुसरं काय.)

वाइंडिंगवाला_बार्शी
सर, काल रात्री तुम्ही सांगितलं तसं केलं. इमारत काढली, तिला खिडक्यासुद्धा काढल्या, त्यात दहा मिनिटं गेली. मी विचारलं, किती वर जातो? तिनं २० काढलं. मग स्वतःच्याच आधीच्या समीकरणाकडं बघत बसली. मी गप्प. बायको आतून विचारतेय, जेवायचंय का नाही. तेवढ्यात ही ओरडली, "अहो पप्पा, मी त्याला वर शोधत होते!"

पण आता −२ नं छळलंय. म्हणते, काळ ऋण कसा? मी म्हटलं सोडून दे, तर म्हणाली, मग ६ तरी का ठेवायचा?

खडूची_धूळ
पोरगी चांगली आहे. सोडून देऊ नका. तिला सांगा, दगड गच्चीवरून फेकलाच नाही असं समज. खाली जमिनीवरून कुणीतरी ४० च्या वेगानं वर फेकला. २ सेकंदांनी त्याचा वेग २० उरला आणि तो ६० मीटर चढला, म्हणजे बरोबर गच्चीशेजारून वर चाललाय. तिथून पुढं त्याच्यात आणि तिच्या दगडात काही फरक आहे का ते तिनं बघावं. आणि तिचा दगड जमिनीवर किती वेगानं आपटतो तेही काढू द्या.

वाइंडिंगवाला_बार्शी
४० च आला सर. एकक लिहायला विसरली ते वेगळं.