ओडी काठोकाठ, तीन कार्डांवर बाकी, आणि जूनपासून पर्यटक नाहीत

तारकर्ली_होमस्टे
नमस्कार मंडळी. चार खोल्यांचा होमस्टे, प्रोप्रायटरशिप. ओडी, म्हणजे ओव्हरड्राफ्ट (बँकेने दिलेल्या मर्यादेत लागेल तसे उचलायचे आणि भरायचे पैसे), ५ लाखांचा, व्याज ११ टक्के, त्यातले ४ लाख ८० हजार उचललेले. क्रेडिट कार्डं तीन. 'अ'चं लिमिट दीड लाख, बाकी ६० हजार. 'ब'चं ८० हजार, बाकी १५ हजार. 'क'चं ७० हजार, बाकी ३५ हजार. 'ब'चं बिल दर महिन्याला घरखर्चातून पूर्ण जातं, 'अ' आणि 'क'चं मात्र काही महिने नुसतं मिनिमम ड्यू (बिलातली किमान देय रक्कम). तारीख एकदाही चुकलेली नाही, तरी सिबिल स्कोअर (कर्जफेडीची पत दाखवणारा आकडा) ७८० वरून ७१२ वर आला.

मे महिन्यात पावसाळ्याचा घरखर्च बाजूला काढून ९० हजार उरतील. मेअखेर वॉटर स्पोर्ट्स बंद झाले की सप्टेंबरपर्यंत आवक जवळजवळ नाहीच. हे पैसे कार्डांत टाकू की ओडीत? 'ब' जुनं आहे, लिमिटही कमी, ते बंद करून टाकू का? दिवाळीनंतर दोन खोल्या वाढवायला कर्ज हवंय.

खातेउतारा
आधी ओडी. तुमचा खरा धोका तिथे आहे, कार्डांत नाही.

लिमिट ओलांडलं नाही म्हणजे खातं ठीक, असा बऱ्याच जणांचा समज असतो. ओडीत सलग ९० दिवस काहीच जमा झालं नाही, किंवा जमा रक्कम त्या काळात नावे पडलेल्या (खात्यावर आकारलेल्या) व्याजाइतकीही नसली, तर लिमिटच्या आत असूनही खातं 'आउट ऑफ ऑर्डर' ठरतं आणि एनपीएत, म्हणजे थकीत कर्जांत, जातं. जून, जुलै, ऑगस्ट मिळून ९२ दिवस होतात. करा हिशोब.

४ लाख ८० हजारांवर ११ टक्क्यांनी महिन्याला साधारण ४,४०० व्याज पडेल. चार महिन्यांचे १७,६००, वर थोडं व्याजावरचं व्याज. मोकळी जागा २० हजारांची. त्यात विम्याचा हप्ता किंवा ओडीच्या नूतनीकरणाचं शुल्क नावे पडलं की लिमिट ओलांडलंच समजा.

तेव्हा ९० पैकी १८ हजार बचत खात्यात वेगळे ठेवा आणि जून ते सप्टेंबर दर महिन्याच्या २८ तारखेला ४,५०० ओडीत जातील अशी स्थायी सूचना बँकेला द्या. मेमध्येच सगळे एकदम भरून मोकळे होऊ नका. मग पुढचे तीन महिने जमेची बाजू कोरी राहते आणि तुम्ही पुन्हा त्याच खड्ड्यात.

दुसरं म्हणजे, पाहुण्यांचा क्यूआर बचत खात्याला जोडलेला असेल तर तो ओडी खात्याला जोडून घ्या. ओडीचं व्याज रोजच्या शिलकेवर लागतं, त्यामुळे पैसा चार दिवस पडून राहिला तरी तेवढं वाचतं, आणि नूतनीकरणाच्या वेळी उलाढाल उताऱ्यावर दिसते. नूतनीकरणाची तारीखही बघून ठेवा. ती उलटून १८० दिवस गेले, तर व्याज नीट भरलं असूनही खातं एनपीए होऊ शकतं. नूतनीकरणासाठी आयकर रिटर्नची प्रत द्यायची राहिली म्हणून असं होणं म्हणजे निव्वळ हलगर्जीपणा.

बिलाची_तारीख
आता कार्डं. 'ब'ला हात लावू नका. आज तिन्ही मिळून लिमिट ३ लाख, बाकी १ लाख १० हजार, म्हणजे लिमिटचा वापर ३७ टक्के. 'ब'चं बिल भरून ते बंद केलंत तर ९५ हजार भागिले २ लाख २० हजार, ४३ टक्के. पैसे भरूनही आकडा चढतो. स्कोअर नीट राहायला हा वापर ३० टक्क्यांच्या आत असावा असा सर्वसाधारण दंडक आहे. शिवाय जुनं कार्ड म्हणजे जुना इतिहास.

बिनव्याजी मुदत चालू असलेलं 'ब' हे तुमचं एकमेव कार्ड आहे, हेही लक्षात घ्या. बिल पूर्ण भरलं नाही की त्या कार्डावरच्या नव्या खरेदीलाही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. किराणा, डिझेल, गणपतीची खरेदी, सगळं फक्त 'ब'वर. 'अ' आणि 'क' कपाटात.

मिनिमम ड्यूचं गणित: 'अ'वर ६० हजार, ५ टक्के म्हणून ३ हजार भरले, राहिले ५७ हजार. महिना ३.५ टक्क्यांनी १,९९५ व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी ३५९. तीन हजारांतून मुद्दल फिटलं ६४६ रुपये. हीच रक्कम ११ टक्क्यांच्या ओडीवर असती तर व्याज ५२३ झालं असतं. म्हणून कार्डाची थकबाकी ओडीतून भागवणं एरवी शहाणपणाचं, पण तुमच्या ओडीत जागाच नाही.

उरलेल्या ७२ हजारांत 'क' पूर्ण फेडा, ३७ हजार 'अ'त टाका. तिन्हींची मिळून बाकी ३८ हजार, वापर १३ टक्क्यांच्या आत. 'अ'वर उरलेल्या २३ हजारांसाठी सोनेतारण स्वस्त पडेल. मात्र मुदत दिवाळीनंतरची घ्या. ईएमआय करायचा असेल तर प्रक्रिया शुल्क आणि दर महिन्याच्या व्याजावरचा जीएसटी धरून तुलना करा.

'क' फेडल्यावर पुढच्या बिलात तीन-चारशे रुपये व्याज पुन्हा दिसेल. बिल निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतच्या दिवसांचं ते असतं. कार्ड शून्य झालं असं समजून लोक ते बघतच नाहीत, आणि एवढ्याशा रकमेपायी थकबाकीची नोंद होते.

तारकर्ली_होमस्टे
स्थायी सूचना उद्याच देतो. 'अ'चा ऑटोपे बघितला, मिनिमम ड्यूवरच लावलेला आहे. आणखी एक, 'अ'वाल्यांकडून फोन आला होता, थोडी सूट देऊन खातं सेटल करू म्हणतात. घ्यावं का?

खातेउतारा
नको. रिपोर्टात 'सेटल्ड' पडलं की नवा कर्ज देणारा त्याचा अर्थ 'पूर्ण पैसे दिले नाहीत' असाच लावतो. तुम्ही थकलेले नाही आहात, सूट कशाला?

बिलाची_तारीख
'ब' आणि 'क'चा ऑटोपे पूर्ण रकमेवर ठेवा. 'अ'चा शिल्लक शून्य होईपर्यंत मिनिममवर राहू दे, वरचे पैसे हाताने भरा. पावसात लाइट आणि नेट दोन दिवस गेलं तरी तारीख चुकत नाही. देय तारखेनंतर तीन दिवस उलटल्याशिवाय बँक थकबाकी कळवू शकत नाही, पण त्या सवलतीवर विसंबू नका, व्याज चालूच असतं.

१ जानेवारी २०२५ पासून बँकांना स्कोअर काढणाऱ्या संस्थांना किमान पंधरवड्याला माहिती कळवणं बंधनकारक झालं. म्हणजे मेमध्ये भरलेलं जूनमध्ये दिसायला हवं. वर्षातून एकदा प्रत्येक संस्थेकडून पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क अशा चार आहेत. स्वतः बघितल्याने स्कोअर उतरत नाही. जूनअखेर एक काढा आणि 'क'ची शिल्लक शून्य दिसते का ते तपासा. दिसली नाही तर त्या संस्थेकडेच ऑनलाइन तक्रार टाका. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. आणि दिवाळीपर्यंत नव्या कार्डाचा अर्ज नको, फोनवर कितीही 'प्री-अप्रूव्ड' म्हणाले तरी. अर्ज केला की चौकशीची नोंद होते, आणि खोल्यांच्या कर्जाच्या वेळी तीच पुढे येते.