मदत हवी आहे: बंद कचरा डेपोतला गॅस मोजताना काळ्या मातीच्या भेगांचं काय करायचं?

नमस्कार मंडळी,

मी सोलापुरात पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करते. प्रकल्पासाठी एका कचरा डेपोचे दोन भाग घेतलेत. एकावर रोज घंटागाड्यांचा कचरा येऊन पडतो; दुसरा काही वर्षांपूर्वी बंद करून वर काळी माती पसरली आहे. अडलंय ते या बंद भागात.

आधी कागदावरचा हिशेब, म्हणजे कचऱ्यातून किती मिथेन (कचरा कुजताना सुटणारा, पेट घेणारा गॅस) तयार होईल ते सांगणारं मॉडेल. आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांची हवामानबदल समिती) २००६ च्या पद्धतीत, वर्षाला १००० मिमीपेक्षा कमी पावसाच्या उष्ण प्रदेशात अन्नकचऱ्याचा कुजण्याचा वार्षिक दर ०.०८५ धरतात, जास्त पावसाच्या प्रदेशात ०.४. म्हणजे निम्मा कचरा कुजायला आपल्याकडे साधारण ८ वर्षं, कोकणात २ सुद्धा नाहीत. मी ०.०८५ घेतला. पण मंडईतला कचरा येतानाच पाण्याने थबथबलेला असतो, तेव्हा हा दर कमी तर पडत नाही ना? शिवाय बंद भागाच्या वजनकाट्याच्या नोंदी मिळाल्या नाहीत, टनेज घनफळावरून काढलंय.

आता प्रत्यक्ष मोजणी. अर्धा कापलेला ड्रम उपडा करून मातीत चार बोटं दाबते, कड ओल्या मातीने लिंपते आणि दर १० मिनिटांनी आतला मिथेन पाहते. सध्या उन्हाने माती इतकी तडकली आहे की काही भेगांत अख्खा पंजा जातो. वर हात धरला तर ओलसर ऊब लागते, आंबूस वास येतो. भेगेवर ड्रम ठेवला की मीटर झरझर चढतो. दोन पावलं सरकून तासभर बसलं तरी आकडा जागचा हलत नाही. मग सरासरी कशाची काढू? कशीही काढली तरी ती मॉडेलच्या बरीच खाली येते.

उताराच्या पलीकडे वस्ती आहे. नियमाप्रमाणे डेपोवर मिथेन स्फोटाच्या खालच्या मर्यादेच्या (हवेत ५ टक्के) २५ टक्क्यांवर, म्हणजे हवेत १.२५ टक्क्यांवर जाता कामा नये. त्यामुळे अंदाजपंचे आकडा लिहून मोकळं व्हायची माझी तयारी नाही. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

ताई, मॉडेल सांगतं तो आत तयार होणारा गॅस आणि ड्रम दाखवतो तो बाहेर पडणारा. मधल्या मध्ये मातीतले जीवाणू थोडा मिथेन खातात, थोडा आडवा सरकून कडेने निघतो. हे दोन आकडे तंतोतंत जुळायची अपेक्षा सोडा.

भेगा आणि सपाट जमीन एकत्र करू नका. मीटर जमिनीलगत धरून सगळा भाग पायी फिरा आणि नकाशावर भेगा, उताराचा पायथा, सपाट असे तुकडे पाडा. प्रत्येकाचा दर त्याच्याच क्षेत्रफळाने गुणून मग बेरीज करा. बंद भागात अजून किती दम आहे हे पाहायचं तर खोलवरचा कचरा काढून गोबरगॅसच्या स्लरीबरोबर बंद बाटलीत ३५ अंशांवर ठेवा. नुसत्या स्लरीची एक बाटली शेजारी हवीच, तिचा गॅस वजा करायला.

मोजता किती वाजता? सकाळी १० च्या सुमारास हवेचा दाब चढलेला असतो, दुपारी ४ ला उतरलेला. दाब उतरला की गॅस जास्त सुटतो. आणि भेगांजवळ कुणालाही विडीकाडी ओढू देऊ नका, हवेत ५ ते १५ टक्के मिथेन असला की पेट घेतो.

धागालेखिका

मनापासून आभार. उन्हामुळे माझी सगळी मोजणी सकाळी ९ ते ११ मधली आहे! उद्यापासून ४ ला जाते. अजून एक विचारते: पावसाने माती फुगून भेगा मिटल्या की हा गॅस वस्तीकडे सरकेल का?

प्रतिसाद २

सरकू शकतो. वरची वाट बंद झाली की तो कडेची शोधतो. वस्तीच्या बाजूला ओळीने भोकं पाडलेले पाइप जमिनीत उतरवा, वरून टोपण लावा आणि आतला मिथेन दर आठवड्याला पाहा. हे काम मृगाच्या आत उरका, म्हणजे पावसाआधीचे आकडे हाताशी राहतील.