ऑपरेशननंतर अँटीऑक्सिडंटची कॅप्सूल : हाडाला उपयोग की नुसता खर्च?

कृष्णाकाठ :
आई अंगणात घसरून पडली, उजवं मनगट मोडलं, प्लेट टाकली. डिस्चार्जच्या कागदावर कॅल्शियम, डी थ्री आणि त्याखाली अँटीऑक्सिडंटची कॅप्सूल, तीन महिने. का विचारलं तर म्हणे हाड लवकर जुळतं. माझं स्पष्ट मत आहे की ही कॅप्सूल सरसकट लिहिणं बंद व्हायला पाहिजे. हाड मोडलं की तिथे रक्त साकळतं, पांढऱ्या पेशी धावून येतात, त्या ऑक्सिजनचे जे तिखट रेणू सोडतात त्यानेच मेलेला कचरा साफ व्हायला मदत होते आणि पुढच्या पेशींना कामाला लागायचा निरोपही जातो. मग त्या रेणूंना शमवणारी कॅप्सूल देऊन ती सुरुवातीची धग विझवायची कशाला?

फिजिओताई :
अर्धं पटलं, अर्धं अजिबात नाही. धग पहिले काही दिवस हवी, पण शुगरवाल्या पेशंटमध्ये ती निवतच नाही, मग हाड बांधणाऱ्या पेशी मार खातात आणि हाड कुरतडणाऱ्या पेशींना जोर चढतो, ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात तो हाच. आणि सी व्हिटॅमिनला त्याच कॅप्सूलच्या पंक्तीत बसवू नका प्लीज. हाडाचा सांगाडा कोलाजेनचा, त्याच्या दोऱ्यांना घट्ट पीळ बसायला सी लागतंच. १७४० च्या दशकात अ‍ॅन्सन या इंग्रज आरमारी अधिकाऱ्याच्या जहाजांवर स्कर्व्ही, म्हणजे सी कमी पडल्याने होणारा रोग, पसरली तेव्हा एकाचं कधीच जुळलेलं जुनं हाडसुद्धा परत सुटलं होतं! मनगटाचंच म्हणाल तर १९९९ मध्ये छापून आलेल्या नेदरलँड्सच्या अभ्यासात रोज ५०० मिलिग्रॅम सी ५० दिवस देऊन पाहिलं, नंतर हात सुजून आग आग होण्याचा त्रास २२ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आला.

रानवारा :
ताई, पुढचंही सांगा ना. एडिनबरात ३३६ जणांवर तोच डोस तितकेच दिवस देऊन पाहिला, २०१४ मध्ये छापून आलं, वर्षाने काही फरक नाही. आणि १९९९ चा अभ्यास दुखण्याचा होता, हाड लवकर जुळण्याचा नव्हताच, दुकानात मात्र दोन्ही एकच करून सांगतात.

फिजिओताई :
मान्य, हाड लवकर जुळतं असं मीही म्हणणार नाही. पण सीची गोळी स्वस्त आहे, मुतखड्याचा त्रास नसेल तर ५० दिवस द्यायला माझी हरकत नाही, मी माझ्या सासूबाईंनाही दिली होती.

माळावरची_बाभळ :
आमच्याकडे कांडवेल वाटून बांधतात, हळदीचं दूध देतात, कोणी कॅप्सूल खाल्ली नाही आणि सगळ्यांची हाडं जुळली.

रानवारा :
नीट बसवलेलं हाड बहुतेक वेळा आपलं आपणच जुळतं हो, त्याचं श्रेय वेलीला कसं द्यायचं? दूध द्या, त्यात प्रोटीन आहे. पण ऑपरेशनच्या जखमेवर पाला बांधू नका, पू झाला तर प्लेट काढायची वेळ येते.

कृष्णाकाठ :
मला खरी चीड कशाची आली सांगतो. आई चाळीस वर्षं मिश्री लावते, दिवसातून चार वेळा. इतक्या दिवसांत एकानेही विचारलं नाही की तंबाखू आहे का. निकोटीनने रक्तवाहिन्या आवळतात, मोडलेल्या जागी रक्तच कमी पोचतं, आणि आपण वरून कॅप्सूल देतोय. फिनलंडमध्ये २९ हजारांवर सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांना व्हिटॅमिन ई आणि बीटा कॅरोटीन देऊन पाहिलं होतं, १९९४ मध्ये निकाल आला तर बीटा कॅरोटीनवाल्यांत फुप्फुसाचा कॅन्सर वाढलेला. तंबाखूवर उतारा म्हणून गोळी चालत नाही.

फिजिओताई :
हे मात्र शंभर टक्के. मिश्री एकदम सुटत नाही, त्यांना ओरडू नका, डबी नजरेआड करा आणि डॉक्टरांना स्वतःहून सांगा. बोटं हलवतायत का त्या?

कृष्णाकाठ :
नाही, घाबरते, हात छातीशी धरून बसते.

फिजिओताई :
मग आधी ते बघा. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर दर तासाला मूठ उघड-मीट, कोपर आणि खांदाही, आजपासून. कॅप्सूलचं सोमवारी टाके काढायला जाल तेव्हा विचारा.