ब्लफ (युटा): खडक फोडून वाट काढली, मग शेती का टिकली नाही?

प्रश्न:
१८७९-८० मध्ये मॉर्मन (एक ख्रिस्ती पंथ) कुटुंबं होल-इन-द-रॉक या कड्यातल्या फटीमार्गे सॅन हुआन नदीकाठी आली आणि अमेरिकेतल्या युटात ब्लफ हे गाव वसलं. कोलोरॅडो नदीच्या कड्यातल्या त्या फटीतून भरलेल्या गाड्या उतरवल्या कशा? आणि इतकं करून पोचल्यावर काही वर्षांतच बरेच जण गाव सोडून का गेले?

प्रतिसाद १:
मुळात ती फट माणूस जेमतेम शिरेल एवढीच होती. सुरुंग लावून ती रुंद केली आणि २६ जानेवारी १८८० ला पहिल्या गाड्या उतरल्या. वरचा उतार काही जागी ४५ अंशांच्या आसपास. मागची चाकं साखळीनं जखडायची, म्हणजे ती फिरत नाहीत, घासत उतरतात. शिवाय मागे दोर धरून दहाएक माणसं.

खरी करामत त्याखालच्या टप्प्यात आहे. तिथे बेंजामिन पर्किन्स या वेल्सच्या खाणकामगारानं कड्यात ओळीनं भोकं पाडून घेतली. त्यांत ओकचे खुंट ठोकले, खुंटांवर ओंडके, झुडपं आणि दगडमाती रचली. आतली चाकं खडकात कोरलेल्या खाचेतून, बाहेरची या भरावावरून. अशा ८३ गाड्या गेल्या. या वाटेचा खालचा भाग आता लेक पॉवेल या धरणाच्या जलाशयाच्या पाण्याखाली आहे.

प्रतिसाद २:
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नदीत आहे. सहा आठवड्यांचा अंदाज केलेला प्रवास सहा महिने चालला. जायचं होतं माँटेझुमा क्रीकला, पण ६ एप्रिलला थकून आधीच थांबले ते ब्लफला. पिकाऊ जमीन थोडी, आणि पाऊस इतका कमी की पाटाशिवाय पीक नाही.

सॅन हुआनचा तळ वाळूचा. पाटाच्या तोंडाशी कॉटनवुडच्या (नदीकाठी वाढणारं एक झाड) ओंडक्यांची चौकट करून त्यात दगड भरायचे; पूर आला की चौकटीखालची वाळूच वाहून जाई आणि सगळं कलंडे. पूर ओसरला तर प्रवाह सरकून पाट कोरडा. पाणी आलंच तर गाळ घेऊन येई. उतार कमी, त्यामुळे पाट भरून जाई आणि ऐन पिकाच्या दिवसांत फावडी घेऊन उपसावा लागे. १८८४ च्या पुरानं उरलीसुरली आशा संपवली. जे राहिले ते हळूहळू गुरांकडे वळले. १८८७-८८ मध्ये काही जणांनी उत्तरेला डोंगराच्या पायथ्याशी माँटिसेलो वसवलं, तिथे झऱ्या-ओढ्यांचं पाणी होतं.

प्रतिसाद ३:
एक भर. ही जमीन ओसाड नव्हती. नदीपलीकडे नावाहो, आसपास यूट आणि पायूट या मूळनिवासी जमाती आधीपासून होत्या. म्हणूनच संरक्षणासाठी पहिली घरं चौकोनात, दारं आतल्या अंगणाकडे. कॉटनवुडचे ओंडके वाकडे असतात, त्यामुळे फटी मातीनं लिंपाव्या लागत. मातीची छपरं पावसात गळत ती वेगळीच.