पन्हाळ्यावर १ डिसेंबर पाळायचा, तर कसा?

तटबंदी
दर जुलैत पन्हाळ्याहून पावनखिंडीकडे हजारो पोरं पावसाचिखलात चालत जातात. मीही सात वेळा गेलोय. पण याच गडाचा तट १ डिसेंबर १८४४ रोजी इंग्रजांच्या तोफांनी फोडला आणि त्याच दिवशी शेजारचा पावनगडही गेला, ही तारीख आपल्या कोल्हापुरात कुणाच्याच तोंडी नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गडकरी म्हणजे पिढ्यान् पिढ्या गड राखणारी माणसं. त्याबदल्यात त्यांना जमिनी होत्या. कोल्हापूरचे छत्रपती तेव्हा अल्पवयीन होते आणि कारभार इंग्रजांनी बसवलेल्या दाजी कृष्ण पंडितांकडे होता. त्यांनी त्या जमिनी मामलेदारांच्या हाताखाली आणल्या. सामानगड आणि भुदरगडाने दरवाजे लावून घेतले. १३ ऑक्टोबरला सामानगड पडला, तरी बंड विझलं नाही. साताऱ्याचे रेसिडेंट, म्हणजे तिथले इंग्रजांचे प्रतिनिधी, कर्नल ओव्हान्स यांनाच बंडवाल्यांनी धरून पन्हाळ्यावर कैदेत ठेवलं होतं.

गड घेतल्यावर इंग्रजांनी चार दरवाजा पाडला. आज आपली गाडी वर शिरते ती त्याच जागेवरून. कडेला जांभ्याच्या भिंतीचे तुकडे आहेत, पण बघायला काच खाली करणारा विरळाच.

माझं म्हणणं एवढंच की त्या दिवशी सकाळी तिथे जमावं, तटाच्या कडेने चालत जावं आणि थांबत थांबत काय घडलं ते सांगावं. स्टेज नको, लुटुपुटीची लढाई नको.

मंगळवार पेठ
दादा, तळमळ पटली, पण असल्या कार्यक्रमाला वीस माणसं येतील, आणि तीही आधीच सगळं माहीत असलेली. कोल्हापूरला मर्दानी खेळांची एवढी परंपरा आहे. आमच्या पेठेत आठ वर्षांची पोरगी दांडपट्टा फिरवते तेव्हा रस्त्यावरचा माणूस थांबतोच. लढाई उभी करा, पोवाडा लावा, मग बघा पोरं घरी जाऊन १८४४ विचारतात की नाही. इतिहास अंगात भिनायला आवाज लागतो.

तटबंदी
मर्दानी खेळांबद्दल दुमत नाही. पण ही लढाई तोफांची होती. लांबून मारा झाला, तटाला खिंडार पडलं आणि मग फौज आत घुसली. त्यात पट्टा कुठे बसवायचा? दुसरं, कंपनीच्या फौजेत देशी शिपायांच्या पलटणी होत्या. नाटकात आपण चार पोरांच्या तोंडाला पांढरा रंग फासणार, आणि हा सगळ्यात अवघड भागच गाळून टाकणार. मला तोच भाग पोरांना सांगायचाय.

दप्तरातला
माझा विरोध वेगळा आहे. हा स्वातंत्र्यलढा म्हणून मिरवू नका. गडकऱ्यांचं भांडण वतनाचं, जमिनीचं होतं. ३१ जुलै १८५७ ला कोल्हापुरात २७ वी पलटण उठली आणि पुढे छत्रपतींचे धाकटे भाऊ चिमासाहेब यांना इंग्रजांनी कराचीला नेऊन ठेवलं, ते प्रकरण निराळं. दोन्हीला एकच फेटा बांधला की दोन्हीचं खरं कारण झाकलं जातं.

तटबंदी
सर, ‘स्वातंत्र्यलढा’ हा शब्द मी वापरलेला नाही, आणि फलकावरही नको, हे मान्य. पण वतनाचं भांडण म्हणून ते हलकं होतं का? ज्या जमिनीवर घर चालायचं ती कचेरीच्या मर्जीवर गेली आणि गड राखण्याचं कामच निरर्थक झालं. माणूस दरवाजा लावून बसतो तो अशाच कारणाने. गडहिंग्लज भागात सामानगडाच्या मुंजाप्पा कदमांचं नाव घेतात, ते याचसाठी.

नेबापूरकर
आम्ही पायथ्याची माणसं, आमचं पण ऐका. डिसेंबर म्हणजे शाळांच्या सहलींचा महिना. रविवारी वाहनांची रांग लागते, तेव्हा आजारी माणसाला खाली दवाखान्यात न्यायचं तर जीव टांगणीला लागतो. माझ्या आईच्या वेळेला पाऊण तास अडकलो होतो आम्ही. जुलै २०२५ मध्ये गड जागतिक वारशाच्या यादीत गेला, तेव्हापासून गर्दी नि वर राहणाऱ्यांच्या मनातली धास्ती दोन्ही वाढलीय. घराचं पत्रं बदलायला तरी मिळंल का, असं लोक विचारतात. त्यात आणखी एक सोहळा कशाला?

तटबंदी
भाऊ, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. गाड्या खालीच ठेवून नेबापुरातून पायी चढलो तर? जास्तीत जास्त पन्नास माणसं, स्पीकर नाही, आणि रविवार आला तर उजाडायच्या आत चढायला लागायचं.

नेबापूरकर
पन्नास चालतील. चहा-भाकरीचं आम्ही बघू. पण एकही बॅनर तटाला बांधायचा नाही. मागच्या एका कार्यक्रमात जांभ्यात खिळं ठोकलं होतं, ते मी स्वतः उपटून काढलेत. आणि सांगणाऱ्यात वरचा एखादा म्हातारा माणूस पाहिजे.

दप्तरातला
गॅझेटियरमधला, म्हणजे जिल्ह्याच्या जुन्या सरकारी माहितीग्रंथातला, मजकूर मी वाचीन. मात्र तो इंग्रजांनी लिहिलेला आहे, हे आधी सांगून.

मंगळवार पेठ
स्पीकर नको तर नको, उघड्या आवाजात पोवाडा होतोच की. डफ आणि तुणतुणं पुरतं. पण तेवढं तरी ठेवा, नाहीतर आखाड्यातली पोरं पहाटे चारला उठवून आणायला मी जाणार नाही.